स्वालबार्डची उन्हाळी सफर: जून की ऑगस्ट, १२ जणांचं जहाज की १०० जणांचं?

अनघा_कोथरूड

नमस्कार मंडळी,

पुढच्या उन्हाळ्यात स्वालबार्डला (नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकमधला द्वीपसमूह) जायचं पक्कं केलंय. आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण रोज तासभर चालतात). लाँगइयरब्येनहून (तिथलं मुख्य गाव) निघून तिथेच परत येणारी लहान जहाजाची सफर हवी आहे. हजार-दोन हजार माणसांचं तरंगतं हॉटेल नको. पण माहितीपत्रकं वाचून डोकं गरगरायला लागलंय. कुठे ७ रात्रींचं 'उत्तर स्पिट्सबर्गन' (तिथलं सर्वांत मोठं बेट), कुठे १० रात्रींची 'प्रदक्षिणा'. कुठे १२ माणसांची नौका, कुठे १०८, कुठे १८०. आम्हाला आलेल्या दोन कोटेशनांत जूनची सुरुवात ऑगस्टपेक्षा स्वस्त आहे. त्यात काही गोम आहे का?

दुसरं, एजंट म्हणतो की स्वालबार्डला व्हिसा लागतच नाही, त्यामुळे ओस्लोपुरता एकदा-प्रवेशाचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) पुरेल. हे बरोबर आहे का?

कपडे, बूट, सासूबाईंना रबरी बोटीतून उतरणं जमेल का, शाकाहारी जेवण, आणि नवऱ्याची १००-४०० मिमी लेन्स अस्वलांना पुरेल का, यावरही कोणी नेमकं सांगितलं तर बरं होईल. 'खूप सुंदर आहे, नक्की जा' हे आम्हाला पटलेलंच आहे. :)


उत्तरवारा

अनघाताई, आधी तारीख ठरवा, मग जहाज. बहुतेक जण उलटं करतात आणि नंतर 'प्रदक्षिणा झालीच नाही' म्हणून जहाजावर चिडतात.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तर किनारा आणि हिनलोपनची सामुद्रधुनी बर्फाने अडलेली असण्याची शक्यता मोठी. किनाऱ्यावरही बर्फ असतो, त्यामुळे उतरलात तरी चालणं म्हणजे भुसभुशीत बर्फात पोटरीपर्यंत रुतणं. दर कमी असतील तर त्याचं कारण हेच. पण जूनचं एक मोल आहे. फियॉर्डांच्या (डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या लांबट खाड्यांच्या) आतल्या टोकाला किनाऱ्याला चिकटलेला गोठलेला समुद्र अजून शाबूत असतो, त्यावर सील पहुडलेले असतात आणि त्यांच्या मागावर अस्वल. मात्र तो चिकटलेला बर्फ फोडून जहाजाने आत शिरायला मनाई आहे, म्हणजे कडेलाच थांबून दुर्बिणीतून पाहायचं.

आता नियम नीट वाचा, कारण १ जानेवारी २०२५ पासून बरंच बदललंय. १ मार्च ते ३० जून अस्वलापासून किमान ५०० मीटर अंतर, उरलेल्या वर्षात ३०० मीटर. अस्वल स्वतःहून जवळ आलं तर मागे तुम्ही सरकायचं. २५ जूनच्या आणि ५ जुलैच्या सफरीत फोटोंच्या दृष्टीने फरक पडतो तो यामुळे.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत हिनलोपन बहुधा मोकळी होते, प्रदक्षिणा शक्य होते, टुंड्रावर फुलं असतात, पक्ष्यांचे कडे गजबजलेले असतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात बर्फाची कड फार उत्तरेला गेलेली असते आणि गिलमॉट (कड्यांवर अंडी घालणारे काळे-पांढरे समुद्रपक्षी) कडे सोडून समुद्रावर गेलेले असतात. त्या बदल्यात सूर्य पुन्हा मावळायला लागतो (लाँगइयरब्येनला मध्यरात्रीचा सूर्य साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट), त्यामुळे तासन् तास तिरपा पिवळा उजेड मिळतो. ज्यांना प्राणी-पक्ष्यांपेक्षा डोंगर आणि हिमनद्या टिपायच्या आहेत त्यांनी तेव्हा जावं. तुमच्या तिघांसाठी माझं मत विचाराल तर १० जुलै ते ५ ऑगस्ट.

प्रदक्षिणेचं तिकीट काढताना एक गोष्ट मनाशी धरा: ते आश्वासन नसतं, प्रयत्न असतो. बर्फाचा नकाशा पाहून कॅप्टन आणि मोहीमप्रमुख मार्ग रोज ठरवतात. दहा रात्रींपैकी पूर्वेकडचे दोन-तीन दिवस लांबच लांब समुद्रप्रवास आणि धुकं यातही जातात. आउस्टफोना या हिमटोपीची समुद्रावर संपणारी बर्फाची भिंत आणि तिच्यावरून कोसळणारे वितळपाण्याचे धबधबे पाहायचेच असतील तरच प्रदक्षिणा घ्या. नाहीतर ७-८ रात्रींच्या उत्तर स्पिट्सबर्गनमध्ये दर दिवसामागे किनाऱ्यावरचे तास जास्त मिळतात.

त्या मार्गावर साधारण काय लागतं: कोंग्सफियॉर्ड आणि शेजारचा क्रॉसफियॉर्ड, मग वायव्य टोकाला माग्दालेनेफियॉर्ड आणि स्मेरेनबुर्ग (१७व्या शतकातल्या डच देवमाशेकऱ्यांचा तळ, चरबी उकळायच्या चुल्यांभोवतीची काळी, डांबरासारखी घट्ट झालेली वर्तुळं अजून वाळूत आहेत), पुढे लीफदेफियॉर्डमध्ये मोनाको हिमनदी, ८० अंशांवरचं मॉफेन बेट, आणि बर्फाने वाट दिली तर हिनलोपनमधला आल्केफ्येलेटचा कडा. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जसे दगडाचे उभे खांब आहेत तसे इथे समुद्रातून सरळ वर गेलेत, आणि प्रत्येक कंगोऱ्यावर गिलमॉट दाटीवाटीने उभे. सुमारे ६०,००० जोड्या. आधी वास येतो, मग आवाज, मग कडा दिसतो. १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट पक्ष्यांच्या कड्यापासून ५०० मीटरच्या आत वेग ५ नॉटच्या (ताशी सुमारे ९ किमी) वर न्यायचा नाही, त्यामुळे इथे घाई होत नाही हे चांगलंच.

आता जहाज. १२ हा आकडा कुठून आला? आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांत १२ हून जास्त प्रवासी नेणारं ते प्रवासी जहाज. म्हणून छोट्या नौका बरोब्बर १२ वर थांबतात. वरचा आकडा २०० चा: संरक्षित प्रदेशांत त्याहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला २०२५ पासून प्रवेश नाही. शिवाय राष्ट्रीय उद्यानं आणि मोठ्या राखीव क्षेत्रांत पर्यटकांना उतरायला ठरावीक ४३ जागाच उरल्या आहेत. एरवी रबरी बोटीतून किनाऱ्यालगत फिरता येतं, पाय ठेवता येत नाही. म्हणून २०२४ च्या आधीचे ब्लॉग वाचून 'इथे उतरायचंय' अशी यादी करू नका, आणि माहितीपत्रकातले फोटो नव्या नियमांनंतरचे आहेत का ते विचारा.

१२ जणांच्या नौकेत दहा मिनिटांत सगळे किनाऱ्यावर. अस्वल दिसलं तर कॅप्टन इंजिन बंद करून तीन तास थांबू शकतो, कुणाचं जेवणाचं वेळापत्रक आड येत नाही. पण अशी नौका लाटांवर जास्त हलते, आतले जिने उभे आणि अरुंद, स्थिरक पंखे (डोलणं कमी करणारे) नसतील तर दक्षिण टोकाकडे हाल. ज्येष्ठांसाठी ८० ते १२० प्रवाशांचं जहाज मला योग्य वाटतं. झोडियाकमध्ये (रबरी बोटीला तिथे सगळे हेच म्हणतात) एका वेळी साधारण १० जण, म्हणजे शंभर जणांना उतरवायला दहाएक फेऱ्या. ७-८ झोडियाक असतील तर अर्ध्या-पाऊण तासात काम होतं, ४ असतील तर शेवटच्या माणसाला किनाऱ्यावर वेळच उरत नाही. कंपनीला हा एक प्रश्न विचाराच: झोडियाक किती आणि गाइड किती? उत्तर टाळलं तर समजून जा.


कागदवाला

व्हिसाबद्दल तुमच्या एजंटचं अर्धं बरोबर आहे, आणि हे अर्धंच लोकांना विमानतळावर रडवतं.

स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही हे खरं. १९२० च्या तिथल्या करारामुळे तो वेगळा प्रदेश आहे आणि शेंगेनच्या बाहेर आहे. पण तिथे जाणारी नेहमीची विमानं ओस्लो किंवा ट्रोम्सोहून सुटतात. मुंबईहून ओस्लोला उतरलात की शेंगेनमध्ये पहिला प्रवेश. लाँगइयरब्येनला निघालात की शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद. सफर संपवून परत ओस्लोला आलात की दुसरा प्रवेश. एकदा-प्रवेशाचा व्हिसा तिथे संपलेला असतो. म्हणून किमान दोनदा-प्रवेशाचा व्हिसा लागतोच. अर्जात तसं स्पष्ट मागा आणि सोबतच्या पत्रात दोन ओळींत कारण लिहा: तारखा, विमानांचे क्रमांक, जहाजाचं नाव. व्हिसा हातात आला की स्टिकरवर प्रवेशांच्या रकान्यात ०१ आहे की ०२ की एमयूएलटी, हे खिडकीपाशीच पाहून घ्या. घरी जाऊन नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जुलैची सफर असेल तर मे महिन्यापर्यंत थांबू नका, सुट्ट्यांच्या गर्दीत अपॉइंटमेंटच मिळत नाही.

ट्रोम्सोला थांबणारं विमान असेल तर तिथे हातातल्या सामानासकट खाली उतरून पासपोर्ट तपासणी होते आणि परत त्याच विमानात बसायचं असतं. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'आलं का आपलं गाव?' होतं.

सफर ज्या दिवशी सुटते त्याच दिवशी लाँगइयरब्येनला पोचायचं नियोजन करू नका. किमान एक रात्र आधी जा. धुक्यामुळे विमान उतरू शकलं नाही किंवा बॅग ओस्लोत राहिली तर जहाज थांबत नाही, आणि पुढच्या सात दिवसांत बॅग पोचवायला रस्ता नाही. सफरीच्या वाटेवर वस्ती अशी न्यी-ओलेसुंदची एकच. म्हणून रोजची औषधं, चष्मा, एक थर्मलचा जोड, हातमोजे आणि टोपी हातातल्या सामानातच ठेवा.

विमा: शेंगेनसाठी लागणारा ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा व्हिसापुरता आहे. लाँगइयरब्येनचं रुग्णालय छोटं आहे, गंभीर रुग्णाला ट्रोम्सोला विमानाने हलवतात. जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलावं लागलं तर तो खर्च वेगळाच. पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: स्वालबार्डचा स्पष्ट समावेश, समुद्रसफरीचा समावेश, आणि शोध-बचाव व रुग्णहलवणीची मर्यादा. सासूबाईंचा रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर तो आधीच जाहीर करा. लपवलेल्या जुन्या आजारावरून दावा फेटाळला गेला तर भांडायला जागा राहत नाही.

पैसे थेट परदेशी कंपनीला पाठवत असाल तर बँक टीसीएस (आधीच गोळा केला जाणारा आयकर) कापू शकते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते, तेवढी तरतूद ठेवा.


भटका_चिंचवड

दोनदा-प्रवेशाला +१. हे मोठ्या अक्षरांत धाग्याच्या वर लावा कुणीतरी.


हिमपावलं

सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल. अडचण चालण्याची नसते, चढ-उताराची असते. जहाजाच्या बाजूला लावलेली शिडी उतरून झोडियाकमध्ये जायचं असतं. कंपनीला विचारा: बाहेरची शिडी आहे की जहाजाच्या पोटातला, पाण्याच्या जवळचा दरवाजा? दरवाजा असेल तर दोन-चार पायऱ्या, शिडी असेल तर दहा-पंधरा, त्याही हलणाऱ्या. आणि केबिनपासून तिथपर्यंत लिफ्ट आहे का तेही.

चढण्याची रीत अशी. हातात काहीही नको, सॅक आधी पुढे द्यायची. खालचा खलाशी आणि तुम्ही एकमेकांचं मनगट धरता, पंजा नाही. ओला पंजा निसटतो, मनगटावरची पकड निसटत नाही. बोट लाटेवर वर आली की खलाशी सांगेल, तेव्हाच पाऊल: आधी बोटीच्या फुगीर कडेवर, मग आतल्या पायरीवर, मग तळावर, आणि लगेच बसायचं. बोट खाली जात असताना पाऊल टाकलं की गुडघा मुरगळतो, बहुतेक अपघात इथेच. किनाऱ्यावर उतरताना कडेवर बसूनच पुढे सरकायचं आणि गाइड सांगेल त्या बाजूने पाय बाहेर काढायचे. उडी मारायची नाही. धक्का नसतोच, त्यामुळे घोटा ते पोटरीएवढ्या पाण्यात पाय पडणार हे धरून चाला.

म्हणून बूट हे गुडघ्याखालपर्यंतचे रबरीच. बहुतेक जहाजं ते उसने देतात, माप आधी कळवायचं असतं. जाड लोकरी मोजा धरून एक नंबर मोठं माप सांगा. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि दोन मोजे घालूनही बोटं गारठतात. जलरोधक पँट बुटाच्या बाहेरून खाली सोडायची. पँट बुटात खोचली की लाटेचं पाणी थेट आत, आणि मग तीन तास पाय शून्याच्या जवळच्या पाण्यात.

कपड्यांबाबत गैरसमज असा की चालताना थंडी वाजेल. जुलैत किनाऱ्यावर तापमान ३ ते ८ अंशांच्या आसपास, चढ आला की घामच येतो. खरी थंडी दीड-दोन तासांच्या झोडियाक फेरीत. हालचाल बंद, बसायला गार रबर, समोरून वारा आणि उडणारे तुषार. त्यासाठी:

आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, दोन जोड. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, ओलं सूत वाळत नाही. मधला थर फ्लीस किंवा आपली साधी लोकरीची बंडी. बाहेरचं जाकीट वारा आणि पाणी अडवणारं, लाइफ जॅकेट वरून बसेल इतकं ऐसपैस. हातमोजे दोन जोड, आत पातळ आणि बाहेर जलरोधक. एक जोड भिजणारच. माकडटोपीला हसू नका, त्या बोटीत तिच्याइतकी कामाची वस्तू नाही. गॉगल हवाच. आणि झोपताना डोळ्यांवर पट्टी, कारण रात्री दोनलाही खिडकीतून लख्ख ऊन येतं.

लाइफ जॅकेट बहुधा पाणी लागलं की आपोआप फुगणारं असतं. ते घालून सॅक पाठीवर अडकवू नका, पायांशी ठेवा. ओल्या बाथरूममध्ये टांगलं तर मध्यरात्री फटाक्यासारखं फुगतं.

किनाऱ्यावर गट पाडतात: लांब, मध्यम आणि निवांत. सासूबाईंनी निवांत गटात जावं, त्यात कमीपणा नाही. लांबवाले डोंगराकडे पाहत असतात तेव्हा निवांत गटासमोर रेनडिअर चरत येतात. आधाराची काठी घ्या, टुंड्रा ओल्या गादीसारखी दबते आणि मधेच दगड लागतो.

निघण्यापूर्वी सगळं बाहेरचं सामान साफ करा. पहिल्या दिवशी जहाजावर प्रत्येकाच्या जाकिटाचे खिसे, वेल्क्रो, सॅकचे तळ व्हॅक्यूमने साफ करतात, परक्या बिया जाऊ नयेत म्हणून. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर वापरलेल्या सॅकच्या वेल्क्रोत कुसळं ठाण मांडून बसलेली असतात. ती चिमट्याने एकेक काढावी लागतात, त्यापेक्षा घरीच काढा. प्रत्येक उतरण्याआधी आणि नंतर बूट जंतुनाशकात बुडवायचे. पक्ष्यांच्या फ्लूमुळे किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, सॅक जमिनीवर ठेवणं यालाही बहुतेक जहाजं मनाई करतात. फोटोवाल्यांनी आडवं पडून फोटो काढण्याची स्वप्नं सोडावीत.


अनघा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदवाला काका, एजंटला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवलाय, तिकडून अजून शांतता आहे. :)

बोट लागणं, जेवण आणि लेन्स एवढं राहिलं. आणि 'हिमाद्री' (न्यी-ओलेसुंदमधलं भारताचं संशोधन केंद्र) बघायला मिळतं का?


पक्षीवेडा

लेन्सचं गणित करून टाकू. अस्वल आडवं उभं असेल तर लांबी साधारण २ मीटर. ३०० मीटरवरून ४०० मिमी लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा २.७ मिमी पडते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा तेरावा हिस्सा. ५०० मीटरवर (३० जूनपर्यंत) १.६ मिमी, म्हणजे बाविसावा. ६०० मिमी असेल तर ३०० मीटरवर ४ मिमी, नववा हिस्सा. क्रॉप (लहान) सेन्सरवर दीडपट धरा. थोडक्यात, फक्त अस्वलाचा चेहरा टिपायला ४०० पुरणार नाही. पण बर्फ, पाणी आणि त्यात अस्वल असा फोटो छान येतो, आणि मला तरी तोच खरा फोटो वाटतो. नवी लेन्स विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्या, आणि तिघांत मिळून दोन तरी ८x४२ दुर्बिणी न्या. अस्वल फोटोत येण्याआधी दुर्बिणीतच सापडतं. शोधायची खूण: ते पांढरं नसतं. स्वच्छ बर्फावर जुन्या सायीच्या रंगाचा ठिपका दिसला आणि तो हलला, तर ते अस्वल. हलला नाही तर दगड, आणि दहांत नऊ वेळा दगडच.

कड्याखाली झोडियाकमधून पक्षी टिपताना १००-४०० उत्तम, किंबहुना १०० हे टोकच जास्त वापराल. शटर १/१६०० किंवा त्याहून वेगवान, कारण बोट आणि पक्षी दोन्ही हलतात. कड्याखाली तोंड उघडं ठेवून वर पाहू नये, कारण सांगायला नको. त्याच कड्यांच्या पायथ्याशी आर्क्टिक खोकड पडलेली पिल्लं गोळा करत फिरतं. सगळे वर बघत असताना एकाने खाली नजर ठेवावी.

थंडीत बॅटरी लवकर बसते. दोन जादा, आणि त्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत. बाहेरून केबिनमध्ये येताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून आणा आणि अर्धा तास उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं. ड्रोन नेऊच नका, संरक्षित प्रदेशांत बंदी आहे.

न्यी-ओलेसुंदला आर्क्टिक सुरय डोक्यावर झडप घालतात. त्या सगळ्यांत उंच बिंदूवर चोच मारतात, म्हणून हात किंवा काठी डोक्याच्या वर उंच धरून चालायचं. हात हलवून हाकलायचं नाही. आणि रस्ता सोडायचा नाही, त्यांची घरटी अगदी कडेच्या खडीतच असतात.


गोंयकार_वास्को

हिमाद्री बाहेरून दिसतं, आत जाता येत नाही. ते काम चालू असलेलं संशोधन केंद्र आहे. २००८ च्या जुलैत सुरू झालं, चालवतं आमच्या वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र. कोंग्सफियॉर्डच्या पाण्याखाली २०१४ पासून 'इंडआर्क' ही भारताची नांगरलेली वेधशाळाही आहे, ती अर्थात दिसत नाही. १९२० च्या करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचीही सही आहे, हे फार जणांना माहीत नसतं.

जहाज न्यी-ओलेसुंदला जाणार आहे का हे आधी विचारा, प्रत्येक सफर थांबत नाही. थांबलं तर २० किमीच्या परिघात वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. तिथल्या रेडिओ दुर्बिणी दूरच्या क्वेसारांचे (अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे) अतिशय क्षीण संकेत ऐकत असतात. फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी ब्लूटूथ चालू राहिलेलं असू शकतं, आणि मनगटावरचं घड्याळ, कानातले इअरफोन, कॅमेऱ्याचं वायफाय हे सगळे विसरतात. सासूबाईंचं श्रवणयंत्र ब्लूटूथचं असेल तर गाइडला आधी सांगा. गावाजवळ ध्रुवसंशोधक आमुंडसेनच्या १९२६ च्या 'नोर्गे' या वायूने भरलेल्या आकाशनौकेचा बांधणखांब अजून उभा आहे, दहा मिनिटं चालून तिथे जाता येतं. तो गावाच्या हद्दीबाहेर असल्याने बंदूकधारी गाइडसोबतच.


हिमपावलं

बोट लागणं: फियॉर्डात पाणी शांत असतं. त्रास होतो तो पश्चिम किनाऱ्यालगतच्या उघड्या समुद्रात आणि प्रदक्षिणेत दक्षिण टोकाला वळसा घालताना. केबिन खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या. वरची बाल्कनीवाली केबिन महाग असते आणि जास्त झुलते. खालच्या केबिनच्या गोल खिडकीवर खवळलेल्या समुद्रात लोखंडी झाकण लावतात, त्याने घाबरू नये. अवोमिन घेणार असाल तर जहाज हलण्याच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. झोप येते, त्यामुळे गोळी घेऊन झोडियाकमध्ये उतरू नका, आणि सासूबाईंच्या इतर औषधांबरोबर चालेल का ते डॉक्टरांनाच विचारा. उपाशी पोट सर्वांत वाईट, कोरडी बिस्किटं आणि आल्याची वडी जवळ ठेवा.

जेवण: 'शाकाहारी' एवढं लिहून भागत नाही. तिकडे मासा चालतो असं धरतात, मटणाच्या रश्श्यातलं सूपही वाढतात. 'मांस, मासे, अंडी, त्यांचा रस्सा काहीही नाही. दूध चालतं' असं सुटं लिहून साधारण दोन महिने आधी पाठवा, कारण जहाजाचं सामान लाँगइयरब्येनला एकदाच भरतात, वाटेत दुकान नाही. सोबत भडंग, खाकरे, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी न्या. दूध-तुपाचे पदार्थ टाळा, नॉर्वेत युरोपबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे-बर्फी कस्टममध्येच राहतील. केबिनमध्ये विजेची किटली किंवा इमर्शन रॉड अजिबात नको. आगीच्या भीतीने जप्त करतात, आणि ते बरोबरच आहे. गरम पाणी लाउंजमध्ये दिवसरात्र मिळतं, मेतकूट-भात नाही तरी झटपट पोहे तेवढ्यावर होतात. पण खिशात एकही दाणा घेऊन किनाऱ्यावर जायचं नाही. जमिनीवर खाणं बंद आहे.


उत्तरवारा

माझ्या आधीच्या प्रतिसादात एक अर्धवट राहिलं. मॉफेन बेटावर उतरायचं नसतंच. वॉलरस आणि घरट्यांसाठी १५ मे ते १५ सप्टेंबर ३०० मीटरच्या आत जाता येत नाही. माहितीपत्रकात '८० अंश उत्तर आणि वॉलरस' लिहिलेलं असतं ते जहाजाच्या डेकवरून, आणि धुकं असेल तर तपकिरी ठिपक्यांची एक रांग एवढंच. वॉलरस नीट पाहायचे असतील तर सफरीत प्रिन्स कार्ल्स फोरलँडवरचं पूलेपिंटेन आहे का बघा.

आणखी एक: किनाऱ्यावर दिसणारं १९४६ च्या आधीचं काहीही, अगदी गंजलेला खिळा किंवा देवमाशाचं हाडसुद्धा, संरक्षित वारसा आहे. हलवायचंही नाही. व्हिर्गोहामनाला, जिथून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या स्वीडिश आंद्रेचा फुगा १८९७ मध्ये उडाला, जायला राज्यपालांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ती कंपनीने काढली आहे का ते विचारून घ्या, नाहीतर समोरून बघून पुढे जावं लागेल.